सोनबतीचं एकच गानं

आमी मूळचे भंडारा जिल्ह्यातले. माहे बाबा रेल्वेत लागले आन् रायपूरले आले, मी तं इथंच जलमली. नाव सुनंदा. घरात मराठी, दाराबाहेर पाय ठेवला का छत्तीसगढी, दोन्हीबी मायच्याच भाषा समजा. बाबाले गान्याचा भारी शौक, विहारात भीमगीतं म्हनायचे आन् मले बाजूले उभं करायचे.

गोल बाजारात एक कॅसेटवाले भैया होते. त्याईनं जयंतीच्या कार्यक्रमात मले आयकलं आन् दुसऱ्याच दिवशी घरी आले, म्हने काका, तुमच्या पोरीकडून एक छत्तीसगढी गाना गवाना है. एकोनीस वर्साची होती मी. गानं असं का, सासरी आलेली पोट्टी नदीच्या पान्याले इचारते, माहं माहेर तुले दिसलं का. एका दुपारात रेकार्ड झालं. कॅसेटवर नाव मात्र सोनबती छापलं. मी म्हनलं काहून? तं म्हने मराठी नाव पाहून कोनी घेनार नाही.

आन् काय सांगू तुमाले दीदी, ते गानं असं चाललं, असं चाललं, का अभनपूरच्या बसमधी तेच, लग्नात तेच, पानठेल्यावर तेच, बाजूच्या सीटवरची बाई गुनगुनून राहिली आन् तिले मालूमच नाही का गानारी इथं बसली हाय. मंग दुसरी कॅसेट निघाली, तिसरी निघाली. नाही चालली. मडईत, मेळ्यात स्टेजवर दुसरं गानं धरलं का खालून लोकं ओरडत, वो वाला, वो वाला.

अशीच एक मडई होती, धमतरीकडं. बाबा दवाखान्यात होते, दम्यानं. मी म्हनलं मी नाही जात. तेच म्हने, जा, शब्द देला हाय. भर दुपारी माहं गानं चालू, तं भाऊ मोटरसायकलनं आला, स्टेजच्या बाजूले उभा राहून हात हालवून राहिला. मले समजलं. गानं संपलं, मी उतराले लागली, तं कार्यक्रमवाले आडवे आले, दीदी एक बार और, नहीं तो पब्लिक बिगड़ जाएगी. मी गायली. भावाकडं पाहत गायली. मंग अजून एक डाव गायली.

दवाखान्यात पोचली तं माय म्हने, आता आता गेले. तुलेच इचारत होते. आता आता म्हंजे किती, हे मी तिले कधीच इचारलं नाही. आता तं मायबी नाही राहिली.

त्याच्यानंतर ते गानं तोंडातून निघेच ना. पयल्या ओळीलेच दम अडके. आन् त्या गान्याबिगर मले कोन बलावते? बलावनं बंद झालं. कोनाले दोष काहून द्या. लगन झालं, नवरा सिलतऱ्याच्या प्लांटात, भला मानूस, कधी गा म्हनलं नाही. पोरगा झाला, त्याचंबी लगन झालं, हिंदी बोलनारी सून आली. मी विहारात वंदना म्हनते, ते बी सगळ्याईच्या आवाजात आवाज मिळवून, तेवढंच.

मांगच्या महिन्यात एक पोट्टी आली, कॉलेजातली. म्हने सोनबती दीदी आप ही हो? मोबाईलवर टाकासाठी ते गानं तिले नव्यानं गायचं होतं. दुसरे तं असेच उचलून गातात, हे पोट्टी इचाराले आली, मले लय बरं वाटलं. गाऊन दाखवलं तिनं, पन दुसऱ्या ओळीत दम पुरेना. मी म्हनलं, थांब, श्वास इथं घ्याचा. सांगता सांगता मीच गायली. पुरं गायली. आवाज फाटला माहा, पन निघाला. सून गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली, डोळे पुसे आन् हिंदीत म्हने, मम्मी, आपने कभी बताया क्यों नहीं.

पोट्टी पाया पडली. मी म्हनलं, गा माय, खुशाल गा. तुले याच्यानंतर दुसरंबी गानं भेटो, तिसरंबी भेटो. फक्त एक आयक, घरून कोनी बलवाले आलं, तं अर्धं सोडून जाजो. पब्लिक बिगडली तं बिगडू देजो.

हव, म्हने.