ईशाच्या डावीकडे

नमस्कार. काका, बाबा, आपल्या ब्रिस्टलच्या मराठी मंडळातली सगळी मोठी माणसं, आणि मागे दाराजवळ बसलेल्या आमच्या हॉकी क्लबच्या मैत्रिणी, तुम्ही सगळे आलात. आत्या असती तर तिनं आधी खुर्च्या पुरल्या का ते पाहिलं असतं, आणि मग मला म्हणाली असती, "ऋता, पुटपुटू नको. मागं ऐकू गेलं पाहिजे." मी प्रयत्न करते. माझ्या हातात कागद आहे. त्यात पाहून वाचते.

आधी एक दुरुस्ती करायची आहे. सुनंदाआत्या गेली त्यानंतर मंडळाच्या ग्रुपवर मी चार ओळी लिहिल्या होत्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्या वाचल्या, पुढे पाठवल्या. त्यातलं एक वाक्य असं होतं: "साठी उलटल्यावरही आत्या क्लबच्या तिसऱ्या टीममधून खेळत होती आणि सोळा वर्षांच्या ईशाला मैदानात सांभाळून घेत होती." हे वाक्य चुकीचं आहे. त्यात वाईट काही नाही, म्हणून कुणाला खटकलं नाही. पण ते चुकीचं आहे, आणि ते ज्या मुलीबद्दल आहे तिनंच मला फोन करून सांगितलं. ईशाला देवनागरी भराभर वाचता येत नाही. तिच्या आईनं तिला वाचून दाखवलं. आत्याला मावशी म्हणणारी ईशा म्हणाली, "ऋताताई, तू लिहिलाय ते उलटा आहे. मावशी पुढे जायची. मागे मी असायची."

मी म्हटलं, "म्हणजे?"

ती म्हणाली, "म्हणजे मावशी मला सांभाळत नव्हती. मी मावशीला सांभाळत होती. तिनंच तसं ठरवलेला."

हे नीट सांगायला मला थोडी हॉकी सांगावी लागेल. मंडळातल्या ज्यांना आत्या फक्त भूलतज्ज्ञ म्हणून किंवा गणपतीच्या दिवसांत सगळ्यांना कामाला लावणारी बाई म्हणून माहीत आहे, त्यांनी दोन मिनिटं सहन करा.

आपल्या गोलकीपरच्या पुढे मधोमध दोन बॅक उभ्या राहतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू खेळायला चालते, आणि सगळ्यांच्या स्टिक उजव्याच असतात. त्यामुळे डावीकडच्या बॅकला स्वतःच्या डाव्या अंगाला चेंडू हिसकावणं फार अवघड जातं. शहाणी डावी बॅक तो नाद करत नाही. समोरून धावत येणाऱ्या मुलीला ती बाहेरून जाऊ देत नाही, आत वळवते. आत कोण असतं? जोडीदार. डावी पाठवते, उजवी घेते.

हे मी क्लबमध्ये शिकले नाही. हे मला आत्यानं तिच्या घरामागच्या छोट्या गवतावर शिकवलं, मी नऊ वर्षांची असताना. बाबा चेंडू घेऊन धावत यायचे. बाबा, तुम्हाला आठवतं? तुम्ही ऑफिसच्या बुटांत होता. मी घाबरून स्टिक पुढे टाकली आणि तुम्ही गुलाबाच्या कुंडीवर पडलात. आत्या नागपूरची. चिडली की ब्रिस्टलमधली सगळी वर्षं गळून पडायची. ती ओरडली, "काऊन धावून राहिली तू त्याच्या अंगावर? पाठव ना त्याला माझ्याकडं!" तुम्ही कुंडीतून म्हणालात, "ताई, आधी मला उठव." आणि ती म्हणाली, "तू फॉरवर्ड आहेस. फॉरवर्डला कुणी उठवत नाही."

आत्या ओरडायची. मैदानावर अखंड ओरडायची, आणि मराठीत ओरडायची. "थांब." "सोड." "डावीकडे पाहा." "घे आता, घे!" समोरच्या टीमला एक अक्षर कळायचं नाही, हा फायदा तिनं आयुष्यभर उपटला. एकदा अंपायरनं शिटी मारून खेळ थांबवला आणि विचारलं, "तुम्ही त्या लहान मुलीला काय बोललात?" त्यांना शिवी वाटली होती. आत्या म्हणाली, "मी थांब म्हटलं. तुम्हीसुद्धा थांबलात, म्हणजे शब्द चांगला आहे." हेलन इथे बसली आहे. ती आमची गोलकीपर. तिला इतक्या वर्षांत तीन मराठी शब्द आले आहेत आणि तिन्ही बॅकना ओरडण्याचे आहेत.

हाफ टायमाला इथल्या रिवाजाप्रमाणे संत्र्यांच्या फोडी येतात. आत्यानं त्या कधी खाल्ल्या नाहीत. "याला संत्रं म्हणतात?" एवढंच म्हणून ती डबा पुढे सरकवायची. नागपूरच्या माणसाला परदेशात हे एक दुःख असतं, त्यावर कुणाकडे भूल नाही.

आता ईशा.

ईशा चौदा वर्षांची असताना तिसऱ्या टीममध्ये आली. इथल्या क्लबांमध्ये खालच्या टीममध्ये शाळकरी मुली आणि त्यांच्या आजीच्या वयाच्या बायका एकत्र खेळतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. तिसऱ्या टीमची निवड मी करते. निवड हा शब्द मोठा आहे. शनिवारी कोण मोकळं आहे, कुणाचा गुडघा ठीक आहे, कुणाकडे गाडी आहे, हे पाहून मी अकरा नावं जमवते. मी ईशाला आत्याच्या शेजारी उभं केलं, कारण दुसरी जागा रिकामी नव्हती.

त्या वेळची ईशा आठवा. चेंडू दिसला की झेप. मांजर जसं पडद्याच्या दोरीवर झेपावतं तशी. कधी चेंडू मिळायचा, बहुतेक वेळा ती पडलेली असायची आणि समोरची मुलगी गोलात. दोन वर्षांनी तीच मुलगी पायांवर उभी राहू लागली. वाट पाहू लागली. समोरची काय करणार हे तिला आधी कळू लागलं. पहिल्या टीमच्या कोचनी पाहिलं आणि त्या मला म्हणाल्या, "हिचा वेग तिथे वाया जातोय. म्हाताऱ्या बाईच्या शेजारी ही किती दिवस अडकणार?"

मलाही तसंच वाटत होतं. मी बाजूला उभी राहून पाहत होते आणि मला दिसायचं ते असं: आत्या पुढे जाते, चुकते, आणि ईशा मागून येऊन निभावून नेते. मला वाटायचं, ईशा अजून कच्ची आहे म्हणून आत्या आधी अंगावर घेते.

ईशानं फोनवर सांगितलं ते असं. गेल्या सीझनच्या सुरुवातीला आत्या तिला म्हणाली होती, "माझे पाय आता मागं वळून धावत नाहीत. पुढं दोन पावलं जातात. म्हणून पुढं मी जाणार. तू यायचं नाही. तू मागं राहायचं आणि माझी चूक दुरुस्त करायची." ईशानं विचारलं, "आणि तू चुकली नाही तर?" आत्या म्हणाली, "मी दर वेळी चुकणार आहे. तुला सराव होईल."

मंडळी, आता विचार करा. झेप घेणाऱ्या मुलीला थांबायला शिकवायचं होतं. "झेप घेऊ नको" असं सांगून कोण थांबतं? आत्यानं तिला जबाबदारी दिली. मागं कुणीतरी हवं, ते तू आहेस, असं सांगितलं. त्यातून ईशा थांबायला शिकली. मी म्हणत होते सांभाळून घेतलं. खरं म्हणजे आत्यानं स्वतःला तिच्या हवाली केलं होतं.

म्हणून ती दुरुस्ती. ग्रुपवरही करते.

आत्या आजारी पडली आणि या सीझनला प्रश्न आला, ईशाच्या डावीकडे कोण? मी जॉर्जियाला उभं केलं. जॉर्जिया आमच्यातली सगळ्यात वेगवान. कागदावर जोडी सुंदर होती. पहिल्याच मॅचला दोघी एकाच चेंडूवर धावल्या, जॉर्जियाची हनुवटी फुटली, आणि मागं हेलन एकटी. जॉर्जिया, कुणी हे तुला इंग्रजीत सांगेल तेव्हा तू हसू शकतेस, टाके निघालेत.

मी हे आत्याला हॉस्पिटलमध्ये सांगायला गेले. दुपारची वेळ होती, जेवणाचा ट्रे तसाच होता. तिनं जेवण सोडलं होतं, पण ट्रे लगेच मैदान झाला. दह्याचा डबा म्हणजे ईशा. मिठाची पुडी म्हणजे जॉर्जिया. ती म्हणाली, "दोघी घेणाऱ्या. पाठवणारी कोण? दोन घेणाऱ्या एकत्र ठेवशील तर हनुवट्याच फुटणार."

मी म्हटलं, "मग जोला घेऊ?" जो म्हणजे आमच्या टीममधली एक शाळाशिक्षिका. आत्या म्हणाली, "जो छान बोलते. पण ती चेंडूशी बोलते. जोडीदाराशी बोललं पाहिजे." मग दह्याच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाली, "या पोरीला आता सगळं येतं. एकच येत नाही. तोंड उघडत नाही. दोन वर्षं तिच्या वाट्याचं मीच बोलले. तिच्या शेजारी बोलणारी दे. ऐकता ऐकता एक दिवस तीही बोलेल."

"पण कोण, आत्या?"

"ते निवड समितीनं ठरवायचं. मी पेशंट आहे."

निवड समिती म्हणजे मी. मी मिठाची पुडी इकडून तिकडे करत राहिले. तुम्हाला माहीत आहे, मला काही ठरवायला वेळ लागतो. हे बरोबर आहे का, त्याला वाईट वाटेल का, तिच्यावर अन्याय होईल का. मी कॉलेजमध्ये हॉकी सोडली ती याच कारणानं. मी डावी बॅक होते. मला दिसायचं सगळं. पण "सोड" म्हणायचं की "घे" म्हणायचं, हे पक्कं होईपर्यंत चेंडू पुढे गेलेला असायचा. माझ्या जोडीदार वैतागायच्या. एक दिवस मी किट परत दिलं आणि म्हटलं, मी बाहेरून मदत करेन.

आत्यानं ट्रेवरून माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "तू चुकत नाहीस, ऋता. तू उशीर करतेस. चुकीचं ओरडलीस तर जोडीदार सावरून घेते. उशिरा ओरडलीस तर तिला सावरायलाही काही उरत नाही."

मग म्हणाली, "दही खाऊन टाक. वाया जाईल."

एवढंच. हॉकीबद्दल ती माझ्याशी शेवटचं बोलली ते हे. यात तिनं माझं नाव घेतलं नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, कुठे सुचवलं होतं का. नाही. तिच्या तोंडी माझा निरोप घालून मी तुम्हाला काही सांगणार नाही. पुढचं जे आहे ते माझं आहे.

ईशा, तू तिथे आईच्या शेजारी बसली आहेस. आत्या गेल्यापासून तू खेळायला आली नाहीस. दर आठवड्याला क्लबच्या ॲपवर तुझ्या नावापुढे "उपलब्ध नाही" असं येतं. त्या फोनच्या शेवटी तू मला विचारलंस, "आता माझ्या डावीकडे कोण? मी कोणाच्या मागे राहू?" आणि मी म्हटलं, "बघते." मला तुझी माफी मागायची नाही, उत्तर द्यायचं आहे. पहिल्या टीमला तू हवी आहेस, तिथे तू जाशीलही, जायलाच हवं. पण तोंड न उघडता गेलीस तर तिथे दुसरी जॉर्जिया तुझ्या अंगावर येईल. आणि आत्ता सोडलंस तर आत्यानं जे केलं त्याचं काय होईल, हे मी तुला सांगणार नाही. ते ओझं सोळा वर्षांच्या मुलीवर टाकायचं नसतं.

मी एवढंच सांगते, की मी हळू आहे. पुढे दोन पावलं नीट जाते, त्यानंतरचा भरवसा नाही. मी चुकणार आहे. तुला सराव होईल.

काल मी नवं माउथगार्ड आणलं. ते गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवावं लागतं. स्वयंपाकघरात उभी राहून मी ते चावलं आणि "थांब" म्हणून पाहिलं. "हांब" असं काहीतरी आलं. आत्या स्वतःचं माउथगार्ड सॉक्समध्ये खोचून का ठेवायची, ते मला काल कळलं. डॉक्टर असून! आम्हा सगळ्यांना मात्र दातांवरून रागवायची. मी ते तोंडातच ठेवणार आहे, आत्या. एवढं एक तुझ्यासारखं करणार नाही.

आता आपण सगळे उभे राहू या. आत्याला मैदानावरची शांतता कधी आवडली नाही. ती म्हणायची, बॅक गप्प झाल्या की समजावं, गोल होणार. ऑपरेशनच्या टेबलापाशी मात्र ती माणसाशी हळूहळू बोलत जायची आणि मग एका क्षणी गप्प व्हायची, म्हणजे माणूस सुखानं झोपला. आज तिच्यासाठी आपण तसं गप्प राहू. थोडा वेळच. हॉल शांत झाला की काका दिवा लावतील.

मैदानावरची माझी शांतता मात्र इथेच संपते. ईशा, ॲपवर तू काय लिहायचं ते तू ठरव. माझं नाव मी आज सकाळी घातलं आहे. येत्या शनिवारी, आपल्याच ॲस्ट्रोटर्फ मैदानावर, मी तुझ्या डावीकडे उभी असेन, आणि ओरडेन.