दोरीवरची हजेरी

– तसो पयलो प्रश्न सोपोच आसा, जॅनेट, तू घाबरू नको. नाव, गाव, पाठ किती घेतले. मी नाव सांगितलंय, गाव सांगितलंय, पाठांचो आकडो चुकलंय – पण चुकलंय ता सरांका कळूक नाय, म्हणजे बरोबरच. बस अशी. भाई शिपाई नाव पुकारल्याशिवाय तुका आत जाऊक गावाचा नाय, आणि आत आत्ताच चाय गेली, बिस्किटां गेली, धा मिन्टा तरी खंय जायत नाय. तोंडी परीक्षेच्या दारात उभ्यान वाट बघून गुण वाढूचे नाय. काय म्हणतंस? कायच नाय. तू कधी काय म्हणतंस! दोन वर्सां बी.एड.क एका बाकार बसलंव, सरावाक एकाच शाळेत गेलंव, तरी तू माझ्याकडे बोललंस ते सगळे शब्द मी एका पानार बसवीन. आरोंद्याची माणसा सगळी अशीच काय गो, की तुझ्याच घरात बोलूची बंदी आसा?

बाहेरचे सर घाटावरचे. बरे आसत. आपल्या मॅडम बाजूक बसान नुसतो पंखो बघतत. सरांनी माझी फाईल उघडल्यानी, कृतिसंशोधनाचो विषय वाचल्यानी – 'सातवीच्या वर्गाची उपस्थिती वाढवणे' – आणि मगे माझ्या वारांचा हजेरीपत्रक काढल्यानी. ता बघून खूश. डिसेंबरात सोमवारी तेवीसपैकी तेवीस, बुधवारी तेवीस, शुक्रवारी तेवीस. म्हणाले, असं पत्रक मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. मी मान खाली घातलंय, नम्र दिसाक. थयच चुकलंय. मान खाली घातल्यार माका दिसला की पानाक कायतरी चिकाटलेला आसा, आणि सरांका पण तेच वेळाक दिसला.

'हे काय आहे?'

'खवलं, सर. माशाचं.'

'कोणत्या?'

'तारलीचं.'

आता सांग, खोटा कशाक बोलू? बांगड्याचा कशाक म्हणू, जर तारलीचा आसा तर? तारली म्हणजे काय ता पण समजावचा लागला, त्यात दोन मिन्टा गेली, माका वाटला सुटलंय. पण नाय. शाळेत मासे कसे आले, म्हणाले. मी म्हटलंय, सर, मासे शाळेत आले नाहीत, शाळा माशांकडे गेली. – असा कोण बोलता गो परीक्षेत? तोंडातसून गेला. एक गेला म्हणान मगे सगळाच गेला.

तुका सांगूचा होता. पाच महिने सांगूचा होता. आता सांगतंय, तू फक्त आयक. नोव्हेंबरात बाबांच्या गुडघ्याचा ऑपरेशन झाला ता तुका म्हायती आसा. रापणीचो कायदो म्हायती नसात, तुमच्याकडे खाडी. रापण म्हणजे मोठा जाळा समुद्रात सोडून दोन्ही बाजूंनी किनाऱ्यारसून दोरी ओढूची, आणि ज्या घरचो हात दोरीक, त्या घराक माशांचो वाटो. हात नाय, वाटो नाय. बाबा खाटीर, आवय बाजारात मासे घेवन बसलेली, मगे रवला कोण? मी. शाळा साडेधाक, आणि रापण भायर येता बाराक. सोम-बुध-शुक्र वर्ग माझो, मंगळ-गुरू-शनि तुझो. पयल्या सोमवारी मी म्हटलंय, हजेरी घेतंय आणि पळत दोरीर जातंय. वर्गात जावन बघतंय तर सहा पोरां. बाकीची खंय? दोरीर, माझ्या आदी जावन उभी. मगे काय करतलंय – सहा जणांका उठवलंय, पत्रक काखेत मारलंय, आणि हजेरी थयच घेतलंय. हात माझे दोरीर, पत्रक वर्गातल्या स्वप्नान धरल्यान, मी नाव पुकारी आणि ती खूण करी. तेवीस. खोटी नाय हां ती हजेरी. एकूण एक पोर हजर होता, फक्त शाळा थय नव्हती. बाराक सगळी रांगेन खिचडीक परत. मुख्याध्यापक ऑनलाइन माहिती भरीत होते, तेंनी खिडकीतसून एकदा बघल्यानी आणि म्हणाले, मुलांना शिस्त लागली.

आणि शिकवलंय पण. नुसती दोरी नाय ओढूक. वाटे घालताना भागाकार – इतकी मासळी, इतकी घरां, तांडेलाचो, म्हणजे रापणीच्या म्होरक्याचो, वाटो वेगळो, उरली बाकी ती कोणाची. स्वप्नाक वर्गात चार महिने भागाकार येय नव्हतो. रेतीत तिसऱ्या दिवशी इलो, कारण बाकी तिच्या घरची होती. तूच एका मंगळवारी माका विचारलंस, ह्या पोरांका भागाकार कोणी शिकवल्यान? मी म्हटलंय, तुझ्या बाहुल्यांनी. तू हसलंस. माझ्या तळव्यार फोड बघलंस तेव्हा मी म्हटलंय, स्कूटरचो ब्रेक कडक झालो. दोन्ही तळव्यार. तू पिशवेतसून मलम काढून दिलंस. बरा होता मलम. संपला तेव्हा मी तसलाच दुसरा आणलंय.

तर मुद्दो तुझो आसा. तू पिंगुळीक जावन कळसूत्री बाहुल्यो बघून इलंस, घरी चिंध्यांच्यो केलंस, गोष्टी रचलंस, आणि संशोधन लिवलंस की बाहुल्यांमुळे पोरां शाळेत येवक लागली. मी ता वाचूक नाय, पण वाचूची गरज काय, वर्ग एकच, माझ्या पत्रकाची प्रत तुझ्याकडे. म्हणजे माझे तेवीस तेवीस तेवीस तुझ्या बाहुल्यांच्या नावार गेले. तेव्हा माका त्याची गंमत वाटलेली. आता वायट वाटता, जॅनेट. शिकवूक तू माझ्यापेक्षा बरी, आणि तुझ्या कामाक माझी रेती लागली.

थांब, अजून संपाक नाय. सरांनी पेन खाली ठेवल्यानी. विचारल्यानी, 'तुमच्या जोडीदारणीला हे माहीत होतं का?' म्हणाले, माहीत असेल तर हा दोघींचा प्रयोग, मी तसं लिहितो. नसेल तर ही खोटी हजेरी, आणि दोन्ही फायली परत, पुढच्या वर्षी या. तुका जूनात नोकरीक घेवक एक शाळा निकालासाठी थांबलेली. तुझा पुढचा वर्स म्हणजे ती जागा गेली. ता सगळा माझ्या डोक्यात इला आणि मी म्हटलंय, 'होतं, सर.' असा पटकन म्हटलंय की मॅडमांनी पंखो सोडून माझ्याकडे बघल्यानी. सर म्हणाले, ठीक आहे, तिलाच विचारतो.

म्हणान मी हयसर बसलंय. घरी जावक नाय. एकच शब्द, जॅनेट. होय. माहीत होतं, सर. तोंड उघडूक नको आसला तर मान हलव, तुझी मान हललेली पण चलात. पाद्रीक सांगूचा लागला तर माझा नाव सांग, पाप माझ्या खात्यार घाल, तेका काय एक पान जास्त लागतला. खोटा तुका बोलूक येणा नाय, माका म्हायती आसा. मी शिकवतंय. वर बघ, सरांच्या कपाळाकडे बघ, डोळ्यांकडे नको, आणि –

काय करतंस? फाईल काय उघडतंस आता, आता वाचून काय – माका कित्याक दाखवतंस? हो तुझो आलेख. बघतंय. अकरा, तेरा, चवदा. चवदाच? हे मंगळ, गुरू, शनि. माझे दिवस खंय? तेवीस खंय? खाली काय ता बारीक अक्षरात... धर जरा लांब. 'सोमवार, बुधवार व शुक्रवार या गणनेत धरलेले नाहीत. त्या दिवशी वर्ग किनाऱ्यावर भरतो.'

भरतो.

टिपेखाली तारीख नऊ डिसेंबर. मलम तू माका दिलंस ता... ता नाताळाक. म्हणजे ब्रेक कडक आसा म्हणान मी सांगितलंय तेव्हा तू –

आणि मी आता हयसर बसान तुका शिकवतंय, खोटा कसा बोलूचा.

भाई पुकारता. तुझाच नाव. जा. फाईल घे. कपाळाकडे बिपाळाकडे बघू नको, खंय बघूचा ता तुका कळता. जा गो. माझ्याकडे नको बघू, जा.