आईच्या डब्यातली पूड

सन्मती : आई, तू हितं पंख्याखाली बस. कंपनीच्या माणसाचा फोन आलता, कोगनोळी नाका ओलांडला म्हणाला. आता येईलच. चष्मा आणलायस न्हवं? सही तुझी लागणार.

चंदना : सही होणार न्हाय, हे मी काल सांगितलंय, सन्मती.

सन्मती : आक्का, जागा आईच्या नावावर हाय. तुझ्या न्हाय, माझ्याबी न्हाय. तिला ठरवू दे की.

आई : मला आधी नीट सांगा तरी. काल तुम्ही दोघं एकदमच बोलत हुतासा, मला एक अक्षर कळलं न्हाय. कंपनी जागा घेणार म्हणजे चंदनाचं कॉफीचं दुकान जाणार?

सन्मती : जातंय कुठं! दुकान हितंच, आक्काच मॅनेजर. फक्त वरची पाटी कंपनीची. अगं, देशभर दुकानं हायत त्यांची. बेळगावात झालं, आता निपाणीला हायवेवर पायजे म्हणतात. एसी, सोफे, सगळं तेच करणार.

चंदना : आणि माझं भाजायचं मशीन?

सन्मती : ते काढायचं. त्यांची कॉफी कारखान्यातनं भाजून, दळून, पाकिटात भरूनच येती.

चंदना : कधी भाजलेली?

सन्मती : झालं! परत तेच सुरू.

चंदना : परत तेच. बंगळूरची नोकरी सोडून आले तेव्हा ही नुसती बंद पडलेली तंबाखूची वखार होती. चुना मारला, धुतली, परत चुना मारला, तरी भिंतीतला तंबाखूचा वास जाईना. चिकमगळूरहून बिया आणून भाजायला लागले, तेव्हा कुठं गेला. आज ट्रकवाले गाडी बाजूला लावून विचारतात, काय भाजताय ताई म्हणून. आणि तू मला पाकीट फोडायला बसवतोस?

सन्मती : ट्रकवाले येतात, मी कुठं न्हाय म्हणतोय? पण तू ह्यांना न्हाय म्हणालीस, तर ते समोर पंपाशेजारी उघडणार हायत. जागा बघून गेलेत. मग कोण येतंय तुझ्या लाकडी बाकड्यावर बसायला?

चंदना : उघडू देत.

सन्मती : उघडू देत म्हणं! आणि हे गाणं. आई, मगापासनं वाजतंय ते ऐकायलीस न्हवं? गाणारी खानापूरची कोण ऋतिका हाय. घरात बसून गाती आणि नेटवर विकती. आमच्या बाईसाहेब ते विकत घेतात. आणि दुकानात वाजवायचं म्हणून तिला दर महिन्याला वेगळे पैसे धाडतात!

आई : गाणं विकत घ्यावं लागतंय?

सन्मती : फुकट मिळतंय गं, तेच तर! नेटवरनं उतरवून घ्यायचं, पेनड्राइव्हला भरायचं आणि लावायचं. आख्खी निपाणी तेच करती. खानापूरहून कोण बघायला येतंय?

चंदना : तिनं गाण्याखाली लिहिलंय, दुकानात वाजवणार असाल तर मला विचारा. मी विचारलं. तिनं काय द्यायचं ते सांगितलं, मी देते. ह्यात नवल काय हाय?

सन्मती : कंपनीत ही कटकटच न्हाय. गाणी हेड ऑफिसातनं लागतात. सगळ्या दुकानांत एकच.

चंदना : म्हणजे भाजणं बंद, ऋतिका बंद. मग माझं काय राहिलं ह्यात?

सन्मती : पगार राहिला. आक्का, गिऱ्हाईक कॉफी पितंय, मोबाइल बघतंय आणि जातंय. गाणं कुणाचं, बिया कवाच्या, कुणाला काय कळतंय!

चंदना : कळतंय.

सन्मती : न्हाय कळत. लाव पैज.

चंदना : लावते. कुणालाबी पाजून बघ.

सन्मती : पाजलीय. आईला पाजलीय.

आई : मला?

सन्मती : गेल्या सोमवारपासनं! आक्का रोज सकाळी तुझ्यासाठी दळून डबा देती न्हवं माझ्याकडं? त्यातली पूड मी कपाटात ठेवतोय, सगळी तशीच हाय. तुला रोज दिली ती कंपनीच्या सॅम्पलच्या पाकिटातली. तू बस्तीतनं देवाचं दर्शन करून येतीस, पितीस, कप खाली ठेवतीस. एक दिवसबी म्हणाली न्हाईस, चव बदलली म्हणून. बघ आक्का! रोज पिणारं घरचं माणूस, तिलाच कळलं न्हाय!

चंदना : सन्मती, चातुर्मास सुरू हाय रं.

सन्मती : मग?

चंदना : पावसाळ्यात आई मर्यादा उलटलेलं दळण घेते का? पीठ घेते? मसाला घेते? दोन-तीन दिवस झाले की गाईला घालते न्हवं?

सन्मती : ते पिठाचं झालं. कॉफीला कुठली आलीय मर्यादा?

आई : शास्त्रात असंल, नसंल. मी धरलीय. तुझं आप्पा गेलं तवा मी चहा सोडला, बाहेरचं सगळं सोडलं. ही म्हणाली, आई, मी रोज ताजी दळून देते, तेवढी घे. मी म्हणलं, पिठाला जो नेम, त्योच हिला. तवापासनं कप हातात घ्यायच्या आधी मी रोज एक इचारतो. काय इचारतो रं?

सन्मती : ...आजचंच दळलेलं हाय न्हवं, म्हणून.

आई : आणि तू काय म्हणतोस?

सन्मती : व्हय म्हणतो.

आई : ह्या आठवड्यातबी व्हयच म्हणालास.

सन्मती : आई, मी फक्त चव बघायला...

आई : चव न्हाय कळली मला. तुझं खरं हाय. ह्या वयात जिभेला काय कळणार? कळत न्हाय म्हणून तर इचारतो, लेकरा. कळलं असतं तर इचारलं असतं कशाला?

चंदना : आई, पाणी देऊ? रडू नकोस.

आई : रडत न्हाय. राग आलाय मला. लई राग आलाय.

सन्मती : तुझा नेम मोडावा म्हणून केलं न्हाय गं. आप्पांनी ह्या वखारीला कुलूप घातलं, तवा किल्ली माझ्या हातात दिली. उद्या आक्काच्या हातातनं तशी किल्ली घ्यायची पाळी नको, एवढंच हुतं डोक्यात. मला भ्या वाटतंय, दुसरं काय न्हाय.

चंदना : मलाबी वाटतंय. समोर त्यांचं दुकान झालं तर माझं गिऱ्हाईक तुटणार, मला काय दिसत न्हाय? पण बुडालं तर माझं दुकान बुडेल, सन्मती. तुमच्या त्या सोफ्यावर बसून पगार घेताना मला रोज तोंड लपवावं लागेल.

सन्मती : आणि खरंच बुडालं तर?

चंदना : तर परत चुना मारीन आणि दुसरं काय तरी करीन. हात हायत.

आई : साकु, साकु. पुरे आता, दोघंबी गप बसा. मी सही करणार न्हाय. चंदना, तू भाज. समोर कोण यायचं ते येऊ दे. आणि त्या पोरीचं पैसं थांबवू नकोस. तू न इचारता लावलं असतंस, तर तिला कधी कळलं नसतं.

सन्मती : आई, तुझ्या नेमाचं काय करायचं?

आई : उद्या उपास धरतो.

सन्मती : मीबी धरतो.

आई : तुला सोसत न्हाय. दुपारपासनं डोकं धरून बसतोस आणि घरातल्यांना भंडावतोस. तू जेव. तुला दुसरं काम हाय. त्यो माणूस वाटंत हाय न्हवं? त्याला फोन लाव.

सन्मती : काय सांगू? भाडं पटलं न्हाय म्हणतो.

आई : परत खोटं?

(सन्मती नंबर लावतो.)

सन्मती : हॅलो सर, निपाणीहून सन्मती बोलतोय. तुम्ही परत फिरा, सही होणार नाही... नाही सर, भाडं चांगलंच देताय तुम्ही... नाही, दुसरी कुठली कंपनी नाही... कॉफी? कॉफीला काही नाव ठेवायला जागा नाही. आमची आई आठवडाभर तीच प्यायली... हो, तिला कळलंसुद्धा नाही... तेच सांगतोय ना सर. मी तिला सांगितलं नव्हतं.