भुरीनं कुठल्या गाडीत बसायचं

राहीबाई : मागच्या गाडीत माझी भुरी बसायची न्हाई. पुढं बसंल, न्हाईतर मांजर घिऊन मी घरी चालले.

लालासाहेब : आवं वैनी, मिरवणूक हालायची येळ झाली. पुढची गाडी लढाईवरनं जित्त्या आलेल्या जवानांची. जे न्हाई आले, त्येंचे हार घातलेले फोटू मागच्या गाडीत. तुमच्या जोतीरामचा फोटू न्हाई म्हणून तुमीच म्हणला, त्येची मांजर बशिवते. मी पंचांच्या हातापाया पडून हुकूम आणला. आता गाडीवरनं तंटा का?

राहीबाई : तुमी सुभेदार हायसा, तुमीच कागद वाचला. पोरगा बेपत्ता, असं लिवलंय. मेला, असं न्हाई लिवलं.

लालासाहेब : बर्माच्या जंगलात दोन साल बेपत्ता. मी पलटणीत बावीस साल काढली वैनी. मला ठावं हाय त्याचा अर्थ.

राहीबाई : तुमाला समदंच ठावं. लग्नाला त्येला रजा मिळंना, तवा नवऱ्याच्या जागी तरवार उभी करा म्हणून कोण म्हणलं? तरवारबी तुमच्याच घरची. ह्या शालूनं तिला माळ घातली आन् माझ्या घरात आली. नवऱ्याचं तोंड अजून बघितलं न्हाई पोरीनं. तरवार नवरा हुती, मग मांजर शिपाई का हुईना?

लालासाहेब : लोक हसत्याल.

राहीबाई : हसू द्या. कराडच्या बाजारातनं भुरी खिशात घालून आणलीती त्येनं. उशाला घिऊन झोपायचा.

लालासाहेब : शालू, तू बोल पोरी. भुरी पुढं बसली तर गावानं त्यो जित्ता धरला. मग तू म्हातारी हुईस्तवर वाट बघत बसायचं. वैनी, हिचा भाऊ आलता कवठे महांकाळास्नं. म्हणत हुता, भैन इशीतली हाय, मोकळी करा, माघारी नेतो, दुसरं घर बघतो.

राहीबाई : शाले, तुला ठावं हुतं?

शालू : व्हय, आत्याबाई.

राहीबाई : आन् मला सांगितलं न्हाईस.

शालू : आणिक एक सांगितलं न्हाई. तुमी दुपारचं शेतात असता. तवा भुरी वट्यावर जाती. शेपूट ताठ करून रिकाम्या जागी गोल फिरती, कुणाच्यातरी पायाला अंग घासावं तशी. वर तोंड करून बोलती. मी झाडताना तेवढी जागा सोडून झाडते.

राहीबाई : कवापास्नं?

शालू : दोन सालामागं होळी जाळली त्येच्या दुसऱ्या दिशीपास्नं. चार म्हैन्यांनी सरकारचा कागद आला. मामांनी बेपत्ता झाल्याची तारीख वाचली, ती त्याच दिवसाची हुती.

लालासाहेब : अगं, मग तवाच बोलायचं न्हाई का?

शालू : बोलले असते तर आत्याबाईंनी अन्न सोडलं असतं. आन् मला भ्या वाटत न्हवतं मामा. बरं वाटायचं. लगीन झाल्यापास्नं त्येंची माझी तेवढीच गाठ.

लालासाहेब : हलगी लागली. कुठल्या गाडीत बशिवतीस?

शालू : मी न्हाई बशिवत. खाली सोडते. तिचं ती बघंल.

(शालू भुरीला दोन्ही गाड्यांच्या मध्ये सोडते.)

लालासाहेब : हलगी एवढी कडाडतीया आन् ही घाबरंना. पुढच्या गाडीकडं बघिनाबी. चढली. मागच्या गाडीत चढली.

राहीबाई : कोपऱ्यात कोण हाय भावजी?

लालासाहेब : कुणी न्हाई. फोटू समदे पुढच्या अंगाला हायती. कोपरा मोकळा हाय.

राहीबाई : मग ती कुणाला अंग घासतीया?

शालू : आत्याबाई, माझा हात धरा. खाली बसा.

राहीबाई : मला नगं धरू. मला बघू दे त्येला. भावजी, गाडी हाका म्हणावं.

लालासाहेब : मागचीच?

राहीबाई : व्हय, मागचीच. आन् हिच्या भावाला सांगावा धाडा. ह्याच हप्त्यात येऊन घिऊन जा म्हणावं.

शालू : तुमी एकल्या कशा ऱ्हाशीला?

राहीबाई : भुरी तेवढी ठिऊन जा. दुपारची मी आता घरीच असते.