दोघे भाऊ, काचकाम

अरे थांब, थांब — ते पातं आधी इकडे दे. दे म्हणतो ना! एक अक्षर खरवडलंस तेवढं पुरे झालं. बघ काय करून ठेवलंस. ‘दो’ गेला, आता गाडीवर उरलं काय? ‘घे भाऊ’. वाचणाऱ्याला वाटेल, हे कोण फुकट वाटायला निघालेत. हसू नकोस, मी हसत नाहीये. आणि ती थिनरची बाटली टायरजवळ ठेव, आहे तिथं कलंडेल.

तुला दादानं पाठवलं, माहितीये मला. स्वतः यायची हिंमत नाही, म्हणून मेहुण्याला पुढे केलं. तू या देशात आलास कधी, अजून बॅगेतले कपडे बाहेर काढले नाहीत, आणि पहिलं काम काय, तर बहिणीच्या दिराचं नाव खरवडायचं. तुझ्यावर नाही रे राग. म्हणजे आहे, थोडा आहे, पण तू उभा आहेस समोर म्हणून आहे. मी एरवी एवढं बोलतो का? विचार तुझ्या बहिणीला. वहिनी म्हणते, भाऊजींना भूक लागली तरी ताटाकडे बघून सांगतात. तर आज ऐक.

ही अक्षरं मी काढलीयत. वरची ओळ इथल्या भाषेत, खालची आपल्या. दादा म्हणाला होता, खालची इथं कोण वाचणार, रंग वाया. आणि तोच रोज सकाळी गाडी पुसायला आला की पहिलं फडकं खालच्या ओळीवर फिरवायचा. मी बघायचो आरशातून. त्याला वाटायचं, बघत नाही.

धंदा सुरू करायचा होता तेव्हा काय झालं, सांगितलंय तुला कुणी? नसेलच. नोंदणी कार्यालयातून माहितीपुस्तिका मी आणली — मी, नववीत शाळा सोडलेला — आणि शब्दकोश घेऊन बसलो. एकेका ओळीला घाम फुटायचा. पण कळलं. एकट्याच्या नावावर धंदा करा, मग डोकं त्याचं आणि डोकेदुखीही त्याची. भागीदारी करा, मग एकानं घोळ घातला तरी दोघांच्याही घरातल्या भांड्याकुंड्यांपर्यंत येतं. नाहीतर कंपनी करा — कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत तिसराच माणूस, धंद्याची देणी त्याची, आपलं घर शक्यतो वेगळं. मी म्हटलं, दादा, कंपनी करू. तर हा काय म्हणतो? ‘दोघा भावांच्या मधे तिसरा कशाला? तू काय परका आहेस?’ झालं. वर मला वकीलसाहेब म्हणून हाक मारायला लागला — वकीलसाहेब, शिडी धरा. वकीलसाहेब, सिलिकॉनची नळी द्या. मीही हसायचो. खोटं कशाला बोलू, परका नाहीस म्हटल्यावर बरंच वाटलं होतं मला. मग कंपनी नाही, भागीदारीचा कागदही नाही — घरातल्या घरात कसला करार! नोंदणी त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि तोंडानं निम्मं-निम्मं. त्यानं ते पाळलं, तेही सांगतो. कामही निम्मं, जेवणाचा डबाही निम्मा. आणि मी गाडी रंगवली.

मग ते बेकरीचं दार. तुला टफन काच माहितीये? भट्टीतून निघाली की तिला कापता येत नाही, किनारही घासता येत नाही. जे माप देऊ तेच येतं. आणि फुटली तर साखरेसारखे दाणे होतात, सहसा मोठी जखम होत नाही. म्हणून दाराला तीच लावायची. दादा माप एकदाच घेतो. मी म्हणतो वर, मधे, खाली, तीन ठिकाणी घे, जुन्या चौकटी सरळ नसतात. तो म्हणतो, ‘बसेल रे.’ काच आली, चौकटीपेक्षा बोटभर जास्त रुंद. परत मागवायची म्हणजे वेळ जाणार आणि बेकरीवाल्या बाईला दुकान उघडायचं होतं. मी त्या दिवशी दुसऱ्या कामावर होतो. यानं साधी काच कापून लावून दिली — आठवडाभर चालेल म्हणे! चौथ्या दिवशी वाऱ्यानं दार आपटलं. सुरीसारखे तुकडे, आणि बाईचा हात मनगटापासून... असू दे. तिची बोटं अजून मिटत नाहीत. रोज पीठ मळणारी बाई ती. मी दवाखान्यात जाऊन आलो. दादा जिन्यापर्यंत आला, वर नाही आला.

आता तिनं दावा लावलाय, आणि लावेलच, लावायलाच पाहिजे. अन् आपल्या दादासाहेबांनी काय करावं? वकिलाला सांगितलं, धंदा माझ्या एकट्याचा. धाकटा माझा भागीदार नाही. कामाला ठेवलेला मुलगा आहे. माझ्या हाताखालचा! अरे, हाताखालचा? बारा-बारा फुटांच्या काचा दोघांनी मिळून उचलल्या, एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मी सोडली असती तर त्याचे पाय राहिले नसते — आणि मी हाताखालचा? ठेवलेला? मला विचारलंही नाही. शिडी धरायला वकीलसाहेब लागतात, आणि खरा वकील आला की मी मुलगा!

काय म्हणालास? माझ्या भल्यासाठी?

माहितीये मला! तू मला शिकवू नकोस. परवा मी दाराबाहेर बूट काढत होतो, आतून ऐकू येत होतं. वहिनी म्हणत होती, दोघांनी मिळून भरलं तर घर तरी राहील. आणि तो म्हणाला, ‘बुडायचं तर मी बुडतो, तो वाचेल तरी.’ एवढंच. मग नळ सोडला जोरात. मी बूट परत घातले आणि खाली येऊन बसलो इथं, या पायरीवर. कळलं? म्हणून तर डोकं फिरलंय माझं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मी कायद्याचा सल्ला देणाऱ्या एका बाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, कागद नसला तरी दोघं मिळून धंदा चालवता, नफा वाटून घेता, लोकांना दोघांचा धंदा म्हणून सांगता, तर कायदा भागीदारच धरू शकतो. पुरावा काय, म्हणाल्या. मी म्हटलं, गाडी आहे. त्या म्हणाल्या, नीट विचार करा, मोठे भाऊ तुम्हाला सोडवतायत, तुम्ही आपणहून आत शिरताय. मी म्हटलं, मी आतच आहे. भीती वाटत नाही असं नाही. माझं लग्न व्हायचंय, काय देणार मी कुणाला, ड्रिल मशीन? पण उद्या त्या सल्लागार बाईंकडे जाऊन लिहून देणार. भागीदार. पहिल्या दिवसापासून. आणि हे निस्तरलं ना, की कंपनी. तेव्हा मात्र तो म्हणेल ते नाही, आणि माप तीन ठिकाणी!

मागचं दार उघड जरा. तो लाल डबा दे. तो नाही, बारका. ब्रश राहू दे, तू नको काढूस, ‘दो’ मीच काढणार. जा तू आता. जा, वहिनी जेवायची थांबली असेल तुझ्यासाठी. पातं माझ्याकडेच राहील. आणि दादाला सांग... नाही. काही सांगू नकोस. खाली यायला निघाला, तर एवढंच म्हण — रंग ओला आहे, हात लावू नका.