आधीचं कुत्रं कसं गेलं?

(कुत्री पाळणाऱ्या बाईंच्या घराची मागची खोली. फरशीवर पस्तिशीतली मुलगी, तिच्या मांडीवर कुरळ्या केसांचं कुत्रं. खुर्चीत तिचे बाबा.)

बाई : अजून पंचवीस मिनिटं. तोंड त्याच्या मानेत खुपसून बसा, ताई. लांबून श्वास घेऊन काही कळत नाही.

मुलगी : बसलेय. छाती अजून तरी मोकळी आहे. आणि हा काळा शर्ट बघा, तुम्ही म्हणालात म्हणून घालून आले. एक केस नाही.

बाबा : ते ठीक आहे गं. पण याला शिकारी म्हणायचं? हे तर न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्यावर पळून आल्यासारखं दिसतंय.

बाई : पूडल आहे, काका. याचे पूर्वज गार पाण्यात उड्या टाकून पडलेली बदकं उचलून आणायचे. कुरळे केस त्यासाठीच, थंडी लागू नये म्हणून.

बाबा : बदकं. आमचा वजीर बदकांकडे ढुंकून बघत नसे. कमीपणा वाटायचा त्याला.

मुलगी : झालं सुरू.

बाबा : सुरू काय त्यात? बाई, मी ट्रक चालवायचो. वजीर शेजारच्या सीटवर. एकदा असं धुकं पडलं की मला माझंच स्टिअरिंग दिसेना. वजीरनं खिडकीतून नाक बाहेर काढलं. एकदा भुंकला की डावीकडे, दोनदा भुंकला की उजवीकडे. चाळीस मैल ट्रक नेला असा.

बाई : आणि सरळ जायचं असलं तर?

बाबा : तर झोपायचा.

बाई : हुशार होता.

मुलगी : यांच्या गोष्टी ऐकूनच माझी लेक हट्ट धरून बसलीय. कुत्रं हवं तर शिकारीच हवं, वजीरसारखं. आणि मला लहानपणापासून दमा. म्हणून म्हटलं, केस न गळणारा शिकारी मिळतो का बघू.

बाई : कमी गळतात म्हणा. अजिबात न गळणारं कुत्रं कापडाचं. आणि नुसत्या केसांनी दमा होत नाही, लाळ असते, कातडीचा कोंडा असतो. म्हणून तर तासभर बसवते. शिवाय हे केस गळत नाहीत म्हणजे वाढतात. रोज विंचरायचं, दर दीड महिन्यानं कापायचे. कोण करणार?

बाबा : मी आहे की. घरीच असतो.

बाई : मग फॉर्म तुमच्या नावानं भरू. घरात माणसं किती, अंगण आहे का, ते ताईंनी सांगितलंय. एकच राहिलं. आधीचं कुत्रं कसं गेलं?

बाबा : हा प्रश्न कशाला?

बाई : सगळ्यांना विचारते. बाकी रकाने रिकामे असले तरी चालतात मला, हा नाही.

मुलगी : सांगा ना. एरवी न विचारता सांगता.

बाबा : रानडुकरांशी झुंजताना गेला. दोन होती.

मुलगी : गेल्या वर्षापर्यंत एकच होतं.

बाबा : दुसरं मागून आलं.

बाई : लागलं कुठे त्याला?

बाबा : कुठे म्हणजे?

बाई : डुकरानं फाडलेली दोन कुत्री मी या हातांनी शिवलीत, काका. सुळा कुठे शिरला होता?

बाबा : मानेत.

मुलगी : मला पोटात सांगितलं होतं तुम्ही. मी चित्र काढलं होतं त्याचं.

बाबा : मानेतून पोटापर्यंत. मोठी जखम होती. जाऊ दे ना बाई, म्हातारपणानं गेला असं लिहा.

बाई : मी लिहीत नाही. पेन तुमच्याकडे आहे.

मुलगी : बाबा, पेन का ठेवलंत खाली?

बाबा : शाई संपलीय.

मुलगी : आत्ताच तुमचं नाव लिहिलंत त्यानं.

बाबा : तू सहा वर्षांची होतीस. रात्र रात्र उशाला टेकून बसायचीस. डॉक्टर म्हणाले, कुत्रं काढा घरातून.

मुलगी : वजीर गेला आणि महिन्याभरात माझी धाप थांबली. मी आईला विचारलंही होतं. ती म्हणाली, हवा बदलली.

बाबा : तिला मीच तसं सांगायला लावलं. तुझ्यामुळे गेला असं तुला वाटू नये म्हणून. एवढं एक बरं केलं असेन.

बाई : कुणाला तरी दिलात का त्याला?

बाबा : द्यायला माणूस होता. जंगलखात्यातला पहारेकरी. पंपावर भेटायचा, माझ्या गोष्टी ऐकायचा. म्हणाला, असं डुकराला भिडणारं कुत्रं मला द्या, राजासारखा ठेवीन. त्याच्या अंगणात आंब्याची सावली होती, बायको दूध घालायची कुत्र्यांना.

मुलगी : मग?

बाबा : अगं, वजीर कोंबडीला भ्यायचा. कोंबडी दिसली की ट्रकखाली. आठवड्याभरात त्या माणसाला कळलं असतं, आणि पंधरवड्यात रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला. मी म्हटलं, देत नाही.

मुलगी : म्हणून काय केलंत?

बाबा : नाक्याच्या पुढे, विटांच्या भट्टीपाशी उतरवला. बिस्किटाचा पुडा फोडून ठेवला आणि निघालो.

मुलगी : कोंबडीसाठी.

बाबा : माझ्या बढाईखोर तोंडासाठी. आणि थांब, झालं नाही अजून. अकराव्या दिवशी तो परत आला. भर दुपारी, पंजे सोलवटलेले. तुझी शाळा सुटायला दोन तास होते. मला बघून शेपटी हलवायला लागला, जणू चूक त्याचीच होती. मी पंजे धुतले, हळद लावली.

बाई : आणि ठेवून घेतलात?

बाबा : पुन्हा ट्रकमध्ये बसवला. यावेळी नदीपलीकडे नेला. तेव्हाही तो पहारेकरी होताच की. वाटेतच होतं त्याचं घर. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

(बाबा पेन उचलून फॉर्मवर लिहितात.)

बाबा : लिहिलंय, बाई. बघा. अक्षर वाकडं आलंय.

बाई : वाचता येतंय.

बाबा : आता देणार नाही तुम्ही. बरोबरच आहे. पण नातीचा यात काय दोष? फॉर्म लेकीच्या नावानं करा. मी हात लावणार नाही त्याला.

बाई : ताईंची छाती मोकळी आहे, तास झाला. याचं पिल्लू दोन महिन्यांनी देईन. तोवर दर रविवारी तुम्ही इथे यायचं, मोठ्या कुत्र्यांना विंचरायला. आणि गोष्टी सांगायच्या नाहीत.

बाबा : चालेल.

बाई : ताई, तुम्हाला चालेल का?

मुलगी : मला माहीत नाही. बाबा, एक विचारू?

बाबा : विचार.

मुलगी : दुसऱ्यांदा सोडलात तेव्हा तो ट्रकमागे धावला?

बाबा : नाही. मी ‘बस’ म्हटलं होतं, तो बसून राहिला. तेवढं एकच त्याला मी खरोखर शिकवलं होतं.