पोटातली गोष्ट

नाही, पण मी म्हणतो, माणसाच्या पोटातली गोष्ट पोटात राहू नये? काय दिवस आलेत हो! लेक बाळंतपणाला दवाखान्यात, सकाळपासून कळा, आणि नर्सबाईंचा हुकूम, "तोंडात घास घालायचा नाही!" आता लेक कुणाची? माझी! हळूच म्हणते, "बाबा, भूक लागलीय..." आमची ही फॉर्म भरायला गेली, नि मी सदऱ्याच्या खिशातून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढला. आठ लेकीने खाल्ली, उरलेली मी... फोडलेला पुडा ठेवायचा कशाला? चुरा झटकला, रिकामा कागद खिशात, पुरावा नष्ट!

तासाभरात मोठे डॉक्टर म्हणाले, बाळ अडलंय, सिझर करावं लागेल. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, पोरगेल्याशाच. "हिनं काही खाल्लंय?" लेक माझ्याकडे बघते, मी छताकडे. म्हटलं, "पाण्याचा थेंब नाही हो!" इतकं तोंड पाडून सांगितलं की माझं मलाच खरं वाटलं. तर बाईंनी काय करावं? सोनोग्राफीचं मशीन ओढलं नि तो दांडा टेकवला लेकीच्या बरगड्यांखाली! म्हटलं, "अहो बाई, बाळ खाली आहे, वर कुठं शोधताय?"

"आजोबा, बाळ नाही, जेवण शोधतेय."

आणि सापडलं की हो! सगळ्यांसमोर, पडद्यावर! पोटातली गोष्ट पोटात राहू नये?

बाई म्हणाल्या, "पूर्ण भूल दिली असती, नि हे उलटून फुप्फुसात गेलं असतं, तर?"

तुम्हाला सांगतो, जन्मभर लोकांच्या टोप्या उडवल्या, पण ही थट्टा लेकीच्या जिवावर... खिशातला कागद काढून बाईंच्या हातावर ठेवला. "आठ," म्हटलं.

मग ठरलं, नुसतं कमरेखालचं अंग बधिर करायचं. मला काढलं बाहेर. लेकीनेच नंतर सांगितलं, पाठ सुजलेली, मणके काही बोटाला लागेनात, तर तेच चहाडखोर मशीन पाठीवर फिरवलं, फट शोधली, खूण केली, आणि एका सुईत काम फत्ते! नात झाली. दोघी खणखणीत.

आता मिटावं की नाही प्रकरण? पण बाईंकडून तो कागद आमच्या हिच्या हाती लागला, नि हिने वाचला! "पुड्यात अकरा असतात. साखर वर्ज्य असलेल्या माणसा, तीन कुठं गेली?"

तेव्हापासून घरात रोज ही टीव्हीचा रिमोट माझ्या पोटाला टेकवते. "बोला!"

मला काय कळत नाही, तो रिमोट आहे?

तरी बोलतो.